पट एकोणीस, हजर पंधरा

अकरा जुलै, शुक्रवार. सकाळी दहा चाळीस. रत्नागिरी शहरातला एक प्रशिक्षण हॉल. हजर बेचाळीस: आम्ही एकेचाळीस प्राथमिक शिक्षक आणि एक तज्ज्ञ मार्गदर्शक. हजेरीच्या कागदावर माझा नंबर सतरा.

इंग्रजी वाक्यातला सब्जेक्ट कसा ओळखायचा, हा त्या तासाचा विषय. सातवीला असतो तो. मी एकोणीस वर्षं शिकवते आहे.

मार्गदर्शकांनी पांढऱ्या फळ्यावर निळ्या पेनाने एक वाक्य लिहिलं. 'अंडर द मँगो ट्री स्लेप्ट द वॉचमन.' आंब्याच्या झाडाखाली राखणदार झोपला. मग हजेरीचा कागद उचलला, बोट खाली खाली नेलं आणि माझं पूर्ण नाव वाचलं. आडनावावर थोडे थांबले.

"या मॅडम. सब्जेक्टखाली रेघ ओढा."

मला उत्तर येत होतं. हे आधीच लिहून ठेवते, कारण त्या खोलीतल्या कोणालाही ते खरं वाटणार नाही. क्रियापद धरायचं. स्लेप्ट. त्याला विचारायचं, कोण झोपलं? वॉचमन. वाक्यात तो शेवटी आला म्हणून काही बिघडत नाही. हे मी दरवर्षी सातवीला सांगते.

उठले. सात पावलं गेले. पेन हातात घेतलं. पेन फळ्यापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. गुडघ्यांच्या मागे घाम आला, साडी चिकटली. वॉचमन हा शब्द माझ्या डोळ्यांसमोर होता, एक वीत अंतरावर. मी अठ्ठेचाळीस वर्षांची बाई. दोन मुलांची आई. घराचे हप्ते फेडलेली. आणि एक रेघ ओढता येईना.

"मॅडम, मराठीत सांगितलंत तरी चालेल."

मागून हसू आलं.

"सातवी तुमच्याकडेच आहे ना? किती वर्षं?"

"एकोणीस."

"एकोणीस. वर्षाला वीस मुलं धरा. तीनशे ऐंशी मुलं." त्यांनी खोलीकडे पाहिलं. मग आवाज जरा खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, मला विचारलं, "कोणत्या कोट्यातून लागलात?"

मी फळ्याकडेच बघत राहिले.

"राग मानू नका हं. सहज विचारलं."

हसणारे मी मोजले. नऊ. मला मोजायची सवय आहे, भीती वाटली की जास्तच. उरलेल्या एकतीस जणांनी वहीत पाहिलं किंवा मोबाइलमध्ये. त्यांत माझ्याबरोबर डी.एड. केलेली एक मैत्रीण होती.

मार्गदर्शकांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. रेघ ओढली. म्हणाले, "पुढच्या महिन्यात गुणवत्ता भेटी आहेत. तुमच्या शाळेपासूनच सुरुवात करू. पाच ऑगस्ट, मंगळवार. मुलांना तरी येतं का, बघू."

जेवणाच्या सुट्टीत मैत्रीण शेजारी बसली. "मनाला लावून घेऊ नको गं. तो सगळ्यांनाच बोलतो."

"कोटा सगळ्यांना विचारतो?"

तिने डबा उघडला. भेंडीची भाजी होती. माझ्याकडे सरकवली. मी घेतली नाही.

माझं तोंड का बंद होतं, हे सांगायला हवं.

मी बारा वर्षांची होते. सातवीत. आमच्या गावची शाळा सड्यावर, गावावरच्या कातळी माळावर होती, तांबड्या चिऱ्याची, चार खोल्यांची. सातवीत आमच्या बौद्धवाडीतली आम्ही तिघं. दोन मुलगे आणि मी. इंग्रजी मला आवडायचं. का ते माहीत नाही. नवीन होतं, वाडीत कोणालाच येत नव्हतं, त्यामुळे कोणी मला चुकीचं ठरवू शकत नव्हतं, म्हणून असेल.

एका सकाळी शाळेत गेले तर आमच्या वाडीतले दोघे आलेले नव्हते. गुरुजींनी मला दारातच अडवलं.

"तू कशाला आलीस गो? सांगितलं नव्हतं का, आज येऊ नको म्हणून?"

मला कोणी सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी मी आईबरोबर चिऱ्याच्या खाणीवर गेले होते.

"बरं, आलीस ती आलीस. साहेब येणार आहेत. जीपजवळ बस. गुरं अंग घासतात जीपला."

त्यांनी माझ्या हातात काठी दिली. साहेब आले, वर्गात गेले. मी काजूच्या झाडाखाली बसले. जीप माझ्यापासून चार हातांवर, वर्गाची खिडकी सहा हातांवर. खिडकीला गज होते, झडप उघडी होती. आतलं सगळं ऐकू येत होतं. सुमारे दोन तास मी तिथे होते. त्या दोन तासांत एकच म्हैस आली, तीही जीपकडे न बघता गेली.

साहेबांनी इंग्रजीचा तास घेतला. फळ्यावर लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "द काऊ गिव्ज अस मिल्क. यातला सब्जेक्ट कोण?"

आत शांतता.

"कोण सांगेल? सब्जेक्ट कोण?"

परत शांतता. आत बावीस मुलं होती. एकालाही येईना. मला येत होतं. माझ्या पोटात ते उत्तर उड्या मारत होतं. मी उठले, गज धरले आणि ओरडले, "काऊ!"

वर्ग हसला. साहेब खिडकीकडे वळले. "कोण आहे ते?"

"कोणी नाही, साहेब," गुरुजी म्हणाले.

"शाळेतली आहे का?"

"छे, छे. वाडीवरची आहे. गाडी राखायला बसवलीय."

साहेब "बरं" म्हणाले आणि फळ्याकडे वळले. उत्तर बरोबर की चूक, हे त्यांनी सांगितलं नाही.

जीप गेल्यावर गुरुजी बाहेर आले. माझ्याच हातातली काठी घेतली. दोन छड्या, उजव्या हातावर. मग म्हणाले, "तू आज गैरहजर आहेस. गैरहजर पोरगी बोलते काय?"

घरी आईला सांगितलं. ती हातपाय धूत होती, घोट्यापर्यंत तांबडी माती. तिने माझा हात बघितला. म्हणाली, "गप ऱ्हव गो. नाव काटतील."

नाव काटलं नाही. मी गप राहिले. पुढे लेखी परीक्षांत इंग्रजीत मला कधी साठाच्या खाली मिळाले नाहीत. पण कोणी उभं करून तोंडी विचारलं, समोर साहेबासारखा माणूस असला, की घसा आवळतो. छत्तीस वर्षं झाली. कोणत्या शाळेच्या कोणत्या रजिस्टरात माझ्या नावापुढे त्या दिवसाची लाल खूण आहे, ते मला माहीत आहे. त्या दिवशी मी हजर होते.

आता माझ्या शाळेचं सांगते. इथे माझं अकरावं वर्ष. किनाऱ्याच्या वर, पहिली ते सातवी. यंदा सातवीचा पट एकोणीस.

मुख्याध्यापक वाईट माणूस नाहीत. मार्चमध्ये निवृत्त होतात. अकरा जुलैला हॉलमध्ये काय झालं, ते माझ्या आधी शाळेत पोचलं होतं. सोमवारी सकाळी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं, दार लोटलं.

"बाई, माझे आठ महिने राहिलेत."

"हो, सर."

"तो माणूस डूख धरून येणार. गाळणी नीट लावा."

गाळणी हा आमचा शब्द आहे. कोणत्याही परिपत्रकात तो नाही, पण आजूबाजूच्या शाळांत कोणालाही विचारा. भेट असली की आदल्या दिवशी कच्ची मुलं बाजूला काढायची. साडेचारला सुट्टी झाली की एकेकाला नळाजवळ गाठायचं. उद्या येऊ नको. ताप आला म्हणून सांग. दुसऱ्या दिवशी हजेरीत त्यांच्यापुढे लाल शाईने 'गै'. साहेब वर्गात येतात, पंधरा मुलं बसलेली असतात, पंधराच्या पंधरा हात वर करतात. शेरा चांगला पडतो. सगळे जेवतात. भेटीच्या दिवशी खिचडीबरोबर शिराही असतो. पोषण आहाराच्या वहीत त्या दिवशी चार ताटं कमी.

हे मला कोणी सक्तीने शिकवलं नाही. पहिल्या वर्षी एका सीनियर बाईंनी सांगितलं, मी केलं. इतकं सोपं.

त्या तीन आठवड्यांत मी रोज इंग्रजीचे दोन तास घेतले. वर्गात एक सुतळी बांधली, शब्दांच्या पट्ट्या कपड्यांच्या चिमट्यांनी लावल्या. एका मुलाच्या हातात क्रियापद. त्याने ओरडायचं, "कोण?" मग ज्याच्या हातात सब्जेक्ट असेल त्याने पुढे यायचं. पंधरा मुलांना मी पुढे पुढे घेत होते. चार मुलांना पट्ट्या लावायला आणि काढायला ठेवलं होतं. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही. आता लिहिताना लक्षात येतं.

भीती मात्र सारखी होती. भाजी चिरताना, एस.टी.त बसल्यावर. डोक्यात ती खोली. कोणत्या कोट्यातून लागलात. मुलांना आलं नाही तर तो परत विचारेल, आणि या वेळी माझ्याच वर्गात, माझ्याच मुलांसमोर. रात्री नवरा म्हणाला, "रजा टाक त्या दिवशी." मी विचार केला त्याचा. खोटं कशाला सांगू.

चार ऑगस्ट, सोमवार, साडेचार. नळाजवळ तिघांना सांगून झालं. दोन कातकरीवाडीतली, एक बौद्धवाडीतला. तिघांनी मान हलवली. त्यांना सवय आहे. चौथी बिमला.

बिमलाचे आईवडील वरच्या आंब्याच्या बागेत बाराही महिने राखणीला असतात. नेपाळचे. बिमला तिसरीपासून आमच्याकडे. तिचं मराठी आता इथल्या पोरांसारखंच. इंग्रजीत ती मागे होती. गाळणी सहावी-सातवीलाच लागते, आणि मागच्या वर्षी सहावीला भेट झालीच नव्हती, त्यामुळे गाळणीत यायची तिची ही पहिली वेळ.

"बिमला, उद्या येऊ नको."

"उद्या सगळ्यांना सुट्टी हाय, बाई?"

"नाही."

"मग मी काय केलं?"

"काही नाही केलंस. पाहुणे येणार आहेत."

ती नळाखाली बाटली धरून उभी होती. बाटली भरून वाहायला लागली तरी तशीच. मग म्हणाली, "बाई, मी मागं बसते. बोलणार नाय. कोणी विचारलं तर सांगते, मी नाय इथली."

मी नळ बंद केला. तिला म्हटलं, घरी जा. ती गेली.

मी ऑफिसात आले. मुख्याध्यापक निघत होते. म्हणाले, "किल्ली खिडकीत ठेवा." मी पाच वाजून दहा मिनिटांनी कपाट उघडलं. शेरेबुक काढलं. त्यात प्रत्येक भेटीची तारीख असते. अकरा वर्षांची हजेरी रजिस्टरं काढली. एका पाठकोऱ्या कागदावर रकाने आखले आणि तारखेला तारीख लावत बसले. का बसले, ते तेव्हा सांगता आलं नसतं. भीती वाटली की मी मोजते.

साडेसहाला बेरीज झाली.

भेटी चौदा. त्या चौदा दिवसांत माझ्या वर्गातले लाल 'गै' एकावन्न. मुलं सत्तावीस, कारण काही दोनदा-तीनदा आलेली. बौद्धवाडी एकोणीस वेळा. कातकरीवाडी सतरा. बागेतले नेपाळी अकरा. खारवीवाडी चार. मधल्या वाडीतलं, दुकानदारांचं, शिक्षकांचं मूल एकही नाही. अकरा वर्षांत साहेबांच्या दिवशी तिथे कोणाला ताप आला नाही.

मग निकालपत्रकं काढली. हे काढायला नको होतं, किंवा पहिल्याच वर्षी काढायला हवं होतं. सत्तावीसपैकी सहा मुलं कच्ची नव्हतीच. इंग्रजीत साठाच्या वर. मी गाळणी लावताना निकाल कधी पाहिलाच नव्हता. मुलाकडे पाहिलं होतं.

एकावन्न खुणा. सगळं अक्षर माझं. माझी 'गै'ची मात्रा जरा लांब जाते, ती सगळीकडे तशीच. आमच्या गुरुजींना मी छत्तीस वर्षं मनात शिव्या देत आले. गुरुजींनी माझ्यासमोर तीन मुलं काढली होती. मी सत्तावीस काढली, आणि त्यातली सर्वांत जास्त वेळा माझ्याच वाडीसारख्या वाडीतली.

मी रजिस्टरं कपाटात ठेवली. किल्ली खिडकीत ठेवली. घरी जाताना एस.टी.त मला खूप भीती वाटत होती. पण ती आता मार्गदर्शकांची नव्हती. उद्या सकाळी मी पुन्हा तेच करेन, याची होती.

पाच ऑगस्टला पहिल्या गाडीने आले. पावणेआठला कातकरीवाडी. तिथून बौद्धवाडी. मग बागेची चढण. बिमलाची आई चूल पेटवत होती. मला बघून उभी राहिली, घाबरली. बाई घरी आल्या म्हणजे काहीतरी चुकलं, असं या घरांत समजतात.

"बिमलाला शाळेत घेऊन जाते," मी म्हटलं.

"ती बोलली, आज नाय येयाचं."

"मी चुकीचं सांगितलं होतं."

दहा वाजता मुख्याध्यापक वर्गाच्या दारात आले. बाकांवरून नजर फिरवली. मागच्या बाकावर चौघं.

"बाई, हे काय?"

"पट, सर."

"माझे आठ महिने..."

"तुमचं नाव येणार नाही. सातवी माझी आहे."

त्यांनी मागच्या बाकाकडे परत पाहिलं. मग म्हणाले, "चार ताटं जास्त टाकायला सांगतो." आणि गेले.

अकरा वीसला पथक आलं. मार्गदर्शक आणि एक अधिकारी. मार्गदर्शकांनी मला ओळखलं. "अरे, वॉचमन मॅडम." अधिकाऱ्यांना काही कळलं नाही, तेही हसले.

त्यांनी खडू घेतला. 'द पीऊन ब्रॉट अ चेअर फॉर द ऑफिसर.' शिपायाने साहेबांसाठी खुर्ची आणली. मग हात वर केलेल्या मुलांवरून नजर नेली, मागच्या बाकावर ठेवली.

"ती कोण? नेपाळी का? मराठी तरी येतं का हिला? ऊठ बाळ. सब्जेक्ट कोण?"

बिमला उठली. फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ऑफिसर."

पुढच्या बाकावरची मुलं हसली. मार्गदर्शकही.

"का गं? ऑफिसर का?"

"साहेब मोठा असतो ना."

आता अधिकारीही मोठ्याने हसले. मला हसू आलं नाही, आश्चर्यही वाटलं नाही. ही चूक नवीन नाही. आमच्या वाड्यांतली मुलं दरवर्षी हीच करतात. वाक्यात साहेब असला की त्याच्याखालीच रेघ ओढतात. शिपाई, गडी, राखणदार यांनी काहीही केलेलं असो, वाक्य त्यांचं असेल असं मुलांना वाटतच नाही. मी ती चूक लाल शाईने कापत आले. कुठून येते, ते कधी विचारलं नाही.

मार्गदर्शक माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून, जवळजवळ आपुलकीने म्हणाले, "मॅडम, असली मुलं आजच्या दिवशी कशाला बसवलीत? बाकीच्या शाळा हुशार असतात. घरी ठेवतात."

त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत असतं. पंधरा हात वर होतात तेव्हा समोर बसलेल्या प्रत्येक साहेबाला माहीत असतं.

घसा आवळला. तसाच. टेबलाची कड धरली. पदर हलत होता, मुलांना दिसत असणार. मी बोलले. आवाज घोगरा होता.

"सर, ती पटावर आहे."

"ते दिसतंय."

"अकरा जुलैला तुम्ही मला विचारलंत, कोणत्या कोट्यातून लागलात. उत्तर राहिलं होतं. अनुसूचित जाती. निवड परीक्षेत दोनशेपैकी एकशे अठ्ठेचाळीस. आता पुढचा प्रश्न बिमलालाच विचारा. दुसऱ्या कोणाला नको."

अधिकारी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायला लागले. मार्गदर्शकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी प्रश्न विचारला नाही. म्हणून मी विचारला.

"बिमला, खुर्ची कोणी आणली?"

"शिपायानं."

"मग रेघ कोणाखाली?"

ती पुढे आली. मागच्या बाकापासून फळ्यापर्यंत नऊ पावलं आहेत. खडू उचलला. उभी राहिली. मी घड्याळाकडे पाहत होते. एक मिनिट वीस सेकंद. तिचा हात वर गेला, थांबला. तो थांबलेला हात मी ओळखत होते. मग तिने 'पीऊन'खाली रेघ ओढली. वाकडी, पुढच्या शब्दाखाली गेलेली.

"तुम्ही सांगितल्यावर कोणीही ओढेल," मार्गदर्शक म्हणाले. "हे धरता येणार नाही."

शेरा पडला. 'सातवी इंग्रजी असमाधानकारक. शिक्षिकेचे विषयज्ञान अपुरे. वर्तन उद्धट.' खाली माझ्या सहीची जागा.

मी सही केली. पेन सोडलं नाही. सहीच्या खाली लिहायला लागले.

"बाई," मुख्याध्यापक कुजबुजले, "शेरेबुकात आपण लिहायचं नसतं."

मी लिहिलं: 'आज पट १९, हजर १९. यापूर्वीच्या १४ भेटींच्या दिवशी २७ मुलांना मी ५१ वेळा घरी ठेवले व हजेरीत गैरहजर लिहिले. ती मुले आजारी नव्हती. त्यांना येऊ नका, असे मी सांगितले होते.'

अधिकाऱ्यांनी वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, "तुम्ही हे कशाला ओढवून घेताय?"

नऊ दिवसांनी नोटीस आली. खोटी हजेरी लिहिल्याचं मी स्वतः कबूल केलं आहे, तरी तीन दिवसांत खुलासा द्यावा. गाळणीबद्दल त्यात एक अक्षर नाही. चौदा भेटींना जे साहेब येऊन चांगला शेरा देऊन शिरा खाऊन गेले, त्यांच्याबद्दलही नाही. मी खुलासा दिला. सोबत माझा तक्ता जोडला, रकान्यांसकट. शिक्षा झाली: एक वेतनवाढ एका वर्षासाठी बंद. ती मी भोगते आहे. माझ्या चुकीची आहे, त्यामुळे अपील केलं नाही. मार्गदर्शकांबद्दल वेगळी तक्रार दिली आहे, कोट्याच्या प्रश्नाची. साक्षीदार म्हणून हॉलमधल्या चाळीसही जणांची नावं दिली. मैत्रिणीचा फोन आला. "माझं नाव कशाला घातलंस?" मी म्हटलं, "तू हजर होतीस." आजपर्यंत एकाचाही जबाब आलेला नाही.

पण सरकारला दिलं ते देणं वेगळं. त्या सत्तावीस जणांचं वेगळं. मी रविवारी एकेका घरी जाते. यादी पर्समध्ये असते.

पहिल्या घरचा मुलगा आता एकवीस वर्षांचा. बोटीवर खलाशी. सातवीत त्याला मी दोनदा घरी ठेवलं होतं. निकालपत्रकात इंग्रजी चौसष्ट. तो ओट्यावर जाळं शिवत होता. उठला नाही. मी उभ्या उभ्या सांगितलं, "भेटीच्या दिवशी तुला मी घरी ठेवलं. तुला येत होतं. मी तुझा निकाल न बघता ठेवलं."

त्याने दोरा दातांनी तोडला.

"बाई, मला वाटायचं, मला खरंच येत नाय."

मी हातातली यादी घडी करून पर्समध्ये ठेवली.

"त्या दिवशी शिरा असायचा ना?"

"हो."

"पोरं सांगायची," तो म्हणाला, आणि जाळ्यातलं पुढचं भोक शोधायला लागला.

त्याने माफ केलं नाही. मी मागितलंही नाही. सांगायला गेले होते, सांगितलं. कातकरीवाडीत एका आईने माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता काय उपयोग?" मी तिच्या मुलीच्या नावापुढे खूण केली आणि पुढच्या घरी गेले.

नऊ घरं झाली. अठरा बाकी. दोन मुली लग्न होऊन संगमेश्वरकडे गेल्यात, तिकडेही जाईन.

भीती गेलेली नाही. हे वाचून कोणाला वाटेल, बाई आता धीट झाल्या. नाही झाले. साहेबाची गाडी आवारात वळली की अजूनही पहिल्यांदा घसा आवळतो. त्याला मी आता बाजूला बसवते आणि काम करते.

उद्या पुन्हा भेट आहे. तोच मार्गदर्शक आहे की दुसरा, ते मी विचारलेलं नाही. आज साडेचारला मी नळाजवळ गेले नाही. स्वयंपाकाच्या मावशींकडे गेले आणि सांगितलं, सातवीचा शिरा एकोणीस ताटांचा टाका.